उत्तम गोलंदाजाचं बक्षीस

'गोलंदाज घडवा' असा भलाथोरला बॅनर लावून मंडळाने करंजाड्याच्या मैदानात मुलामुलींचे सामने भरवले होते. बॅनरवर अध्यक्ष दीनानाथ होते, त्यांचे दोन भाऊ होते, पुतण्याही होता. चेंडू मात्र शोधूनही सापडत नव्हता. रंजिताचं डोकं सकाळीच फिरलं होतं.

सामन्यांची कल्पना तिचीच. वर्षभर ती पोरांना फुकट गोलंदाजी शिकवत होती आणि आईबाप पोरांच्या खांद्यावर बॅट अडकवून पाठवत होते. गोलंदाजी म्हणजे त्यांच्या लेखी दुसऱ्याची हमाली! टिकली ती एकटी मनस्वी. तिच्या वडिलांनी, विश्वजीतनीही बजावलं होतं, "मॅडम, ही टूर्नामेंट शेवटची. नंतर बॅटिंग शिकवणार असाल तरच पाठवतो."

अंतिम सामना मनस्वीने आपल्या गोलंदाजीवर जवळजवळ एकटीने जिंकला. माइकवर समालोचन करणारा मिथुन तरीही षटकारांचेच गोडवे गात होता. रंजिता दातओठ खात ऐकत राहिली. एकदा मनस्वीला बक्षीस मिळू दे, मग तिच्या वडिलांचं तोंड बंद होईल, एवढीच तिला आशा होती.

दीनानाथांनी उत्तम गोलंदाजाचं बक्षीस मनस्वीच्या हातात ठेवलं. लाल फीत बांधलेली नवीकोरी बॅट.

रंजिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काका, गोलंदाजाला बॅट? लाज नाय वाटत तुमाला?"

"अगं, आमी दरवर्साला सगल्यांना बॅटच देतो," दीनानाथ गांगरले. "बॉल काय कोन बक्षीस देतं?"

विश्वजीत खूश. "बघा मॅडम, मंडळालाही कळतं. उद्यापासून बॅटिंग!"

"कळतं डोंबल!" रंजिता ओरडली. वर्षभर घसा फोडून कमावलेली एकुलती एक पोर या लोकांनी टाळ्या वाजवत काढून घेतली होती. तिला रडू आलं, आणि त्याचाही राग आला.

मनस्वी एव्हाना मंचावरून उतरली होती. खेळपट्टीवर जाऊन तिने ती बॅट फितीसकट स्टंपांना टेकवली. मग चेंडू घेऊन मागे गेली, वळली आणि धावत सुटली.

चेंडू बॅटवर खाडकन आदळला. बॅट आणि स्टंप एकदमच आडवे झाले.

"अगं, नवी आहे ती!" विश्वजीत किंचाळले.

मनस्वीने तिकडे पाहिलंही नाही. "मॅडम, बॉल द्या ना."

रंजिता धावत गेली. आधी बॅट पुन्हा उभी केली, मग चेंडू फेकला.

"आता जोरात टाक," ती म्हणाली.