घरच्या डब्यातले दाणे

आमच्या देवमनला एखादी गोष्ट हजारदा सांगा, त्याच्या डोक्यात शिरत नाही. भुईमुगाच्या शेंगा फोडायच्या मशीनमध्ये घालण्याआधी तो ढिगावर बादलीनं पाणी मारतो. का, तर कोरड्या शेंगेतला दाणा मशीनमध्ये तुटतो, आणि तुटका दाणा पाहिला की परतवाड्याचा व्यापारी नाक मुरडतो. ओल्या शेंगेतून दाणा अख्खा निघतो, गुलाबी, टपोरा. मग तोच ओलसर दाणा त्याच संध्याकाळी पोत्यात. पोतं शिवलं की हा मोकळा.

"तुहा बाप असं करत नव्हता," मी म्हणायची.

"बाप हातानं फोडत होता, माय. आता चाळीस पोते तू फोडतं का?"

मी चौथीतून शाळा सोडली, पण पोत्याचा कुबट वास ओळखायला शाळा लागत नाही. बोलले, भांडले. पण आमच्या घरचा माल चांदूर बाजारात नावाजलेला, तो माझ्यामुळे. सूप घेऊन मीच बसायची. काळपट, सुरकुतलेला, हिरवी बुरशी धरलेला दाणा वेचून बाजूला. चांगला बाजाराला, वेचलेला घरच्या डब्यात. तव्यावर करपेस्तोवर भाजला की वास जातो. वर लाल तिखट, लसूण, अन् चटणी तयार. ह्यांना, म्हणजे देवमनच्या बापाला, त्या चटणीशिवाय भाकर उतरत नव्हती. बाजारात पाठवायचा चांगला दाणा आमच्या घरात कोणी खात नाही, हे मी चार घरी मोठ्या तोऱ्यात सांगत होते.

यंदा चैतात ह्यांचे डोळे पिवळे झाले, पोट फुगलं. अमरावतीला नेलं. देवमन खाली कागद काढायला गेला होता, तेव्हा डॉक्टरीणबाईनं मला विचारलं, "बाबा किती वर्षांपासून दारू घेतात?"

"बाई, ह्या मानसानं जन्मात दुसरा चहा मागितला नाही, अन् तुमी दारू विचारता?"

खाटेवरून हे म्हणाले, "घेतली असती तं बरं झालं असतं. काही तं मजा आली असती."

बाई हसली नाही. काळजात, तिच्या भाषेत लिव्हरमध्ये, गाठ आहे, फार वाढली आहे, म्हणाली. मग खाणंपिणं विचारलं. मी चटणीचं सांगितलं, तोऱ्यातच सांगितलं. तिचा पेन थांबला. बुरशीत विष असतं, म्हणाली. भाजून जात नाही, धुऊन जात नाही. वर्षानुवर्षं पोटात गेलं की काळीज खराब करतं.

"मंग ह्यानंच झालं का?"

"नक्की सांगता येत नाही, आजी. बाबांच्या अंगात जुनी कावीळही आहे. पण तो डबा आता फेकून द्या."

हे तेव्हा डोळे मिटून पडले होते. ह्यांना घरी आणलं, पण मी कोणाला काही बोलले नाही. डबा फडताळात वर सरकवला; फेकायला हात उचलेना.

गावात कुजबुज सुरू झाली. ह्यांचं नाव घेऊन लोक म्हणत, रामराव लपून पीत होते म्हणे. दाराशी येऊन विचारणाऱ्यांना मी पाणी दिलं, उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायचं तर चटणीचं सांगावं लागलं असतं. नवऱ्याला दारुडा म्हणू दिलं, पण डबा झाकून ठेवला.

जेठात उन्हाळी भुईमूग निघाला. आभाळ भरून आलं होतं, मशीन अंगणात लागलं होतं, देवमनच्या हातात बादली. मी दवाखान्यातून आणलेल्या गोळ्या ह्यांना देत होते. सहज वळून पाहिलं, तर ओसरीवर माझी पाच वर्षांची नात अपेक्षा भाकरीला लाल चटणी लावून खात होती. बाजूला सून नीलम, अन् तिच्या हातात तो डबा.

"वरच्या फळीवर होता, आई. वाया जाईन म्हनून वाटली."

मी पोरीच्या हातातला घास हिसकला. डबा नेऊन उकिरड्याच्या खड्ड्यात उपडा केला. पोरगी भोकाड पसरून रडायला लागली.

देवमन धावत आला. "माय, काय करून राहिली तू? लेकराच्या तोंडातला घास काहून काढला?"

शेंगा भरायला आलेल्या बाया थांबून पाहत होत्या. थांबल्या तेच बरं. डॉक्टरीणबाई जे बोलली, ते सगळं मी त्यांच्यासमोर सांगितलं, मोठ्यानं.

खाटेवरून हे हळूच म्हणाले, "म्हंजे मी दारुडा नाही, हे सांगाले तुले इतके दिस लागले?"

मी त्यांच्याकडे पाहू शकले नाही. देवमनच्या हातातली बादली घेतली अन् पाणी वाटेवर ओतून दिलं.

"देवमन, पानी तू मारलं अन् डबा म्या भरला. आपन दोघंबी सारखे गुन्हेगार. आता शेंग वाळून कानापाशी खुळखुळ वाजल्याबिगर मशीन सुरू होनार नाही. दाना तुटला तं तुटू दे. वेचलेला सारा खड्ड्यात जाईन. अन् चांगला दाना पयले तुह्या पोरीच्या ताटात पडन, मंग पोतं शिवजो."