नऊ खळगे

डिंपनाने तोंडापर्यंत नेलेला चहा सिंकमध्ये ओतला. दगड फिरवायचे तर अनशापोटी, हे तिला ऐनवेळी आठवलं होतं. रबरी बूट चढवून ती निघाली, आणि किल्लीसाठी दोनदा परत आली.

अकरा वर्षांपूर्वी अशीच अनशापोटी ती टेकडी चढली होती. आई गेली त्याच आठवड्यात भावाने, फिंटनने, आईच्या शेताच्या फाटकाला कुलूप घातलं. हिच्या मेंढ्या बाहेर. मग काय, पडक्या चर्चमागे नऊ खळग्यांचा खडक आहे, त्यातले नऊ गोटे तिने एकेक करून डावीकडे फिरवले, प्रत्येकाला भावाचं नाव घेत. चर्चही नव्हतं तेव्हापासूनचे गोटे ते. ड्रमकीर गावात त्यांना कुणी हसत नाही, हसतात ते बाहेरचे. डावीकडे फिरवला की शाप, उजवीकडे फिरवला की उतारा. आणि शाप विनाकारण दिला असेल, तर तो फिरून देणाऱ्याच्याच उरावर बसतो.

आज दुपारी फिंटनच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. आणि आजच दहा वाजता पुरातत्त्ववाले ते गोटे संग्रहालयात न्यायला येणार होते. मागच्या उन्हाळ्यात एका पर्यटकाने एक गोटा पिशवीत घातला होता, तेव्हापासून त्यांच्या जिवाला घोर.

चढणीवर शेजारच्या कॉर्मॅकने ट्रॅक्टर थांबवला.

"चर्चला रविवारी जायचं असतं, डिंपना."

"पाय मोकळे करतेय."

"पाय मोकळे करणारी माणसं अशी धापा टाकत नाहीत."

ती थांबली नाही. घड्याळात सव्वानऊ होत होते.

वर पोचली तर खळगे रिकामे. नुसतं पावसाचं पाणी साचलेलं, आणि गवतात चाकांचे ताजे चरे. खडकापाशी फिंटनची बायको नोरीन फोन हातात धरून उभी होती.

"आठलाच आले मेले," नोरीन म्हणाली. "पाऊस यायच्या आत म्हणून. वळणावर गाडी दिसली, मी थांबा म्हणून हात केला, तर त्यांनीही मला हात केला."

अकरा वर्षांत भावजय तिच्याशी पहिल्यांदा बोलत होती.

"तू कशाला आलीस इथं?"

"त्यानं पाठवलं. उतारा करून ये, मगच ऑपरेशनच्या कागदावर सही करतो म्हणाला. सकाळपासून अडून बसलाय."

"कसला उतारा?"

नोरीनने मान खाली घातली. "तुझ्यावरच्या शापाचा. तू त्याला गावातल्या चर्चच्या दारात सगळ्यांदेखत चोर म्हणालीस ना? दुसऱ्या दिवशी तो इथं आला होता. मग वर्षाच्या आत तुझा ओवेन गेला. तेव्हापासून हा धड झोपलेला नाही."

डिंपना खडकावर बसली. नवरा गेला तेव्हा तिला वाटलं होतं, आपलाच शाप फिरून आपल्या घरावर आला. आधी तिला संताप आला. माझ्या घरावर शाप? पण तो संताप फार वेळ धरून ठेवता येईना. तिने तरी दुसरं काय केलं होतं?

फोन वाजला. नोरीन तो उचलेना.

"काय सांगू त्याला?"

डिंपनाने तिच्या हातातून फोन घेतला.

"फिरवले का?" आवाज म्हातारा झाला होता.

"फिरवले. नऊच्या नऊ."

"डिंपे?"

"मीच."

"उजवीकडे ना? तुला लहानपणापासून डावं-उजवं कळत नाही."

"उजवीकडे. सही कर, गाढवा."

"अनशापोटी?"

"चहा ओतून आलेय."

तिकडे कुणाला तरी पेन मागितल्याचं तिला ऐकू आलं. तिने फोन परत दिला, बाही वर केली आणि पहिल्या खळग्यात हात घातला. पाणी बर्फासारखं गार होतं.

"गोटे नाहीत गं, डिंपना," नोरीन म्हणाली.

"पाणी आहे ना."

तिने फिंटनचं नाव घेतलं आणि हात फिरवला, उजवीकडे. मग दुसरा खळगा, मग तिसरा. चौथ्याला तिच्या लक्षात आलं, खडकाच्या दुसऱ्या टोकाला नोरीनही गुडघ्यांवर बसली होती. पाणी हलल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ, अगदी हळू, डिंपनाचं नाव.