सूनबाई बसली की बंद

बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारपाजारचे आले होते, वरच्या मजल्यावरचे आले होते, आणि गेलेल्या मुलाला ज्यांनी जिवंतपणी कधी ओळखही दाखवली नव्हती, तेही दाराशी चपला काढून आत घुसले होते. सगळ्यांच्या नजरा टेबलावरच्या कॉम्प्युटरवर खिळल्या होत्या. समोरच्या खुर्चीत आई बसली होती. मुलाचे सगळे फोटो इंटरनेटवरच्या अल्बममध्ये होते, त्यामुळे तो अपघातात गेल्यापासून तिचं जगणं त्या पडद्यापुरतं उरलं होतं.

"उघडा," आत्म्याचा निवाडा करायला आलेले तरंगबाबा म्हणाले.

आईने ब्राउझर उघडला, अल्बम उघडला. मुलगा पडद्यावर हसू लागला. गर्दीत कुणीतरी डोळे पुसले.

"आता तिला बसवा."

सून पुढे आली. अल्बम उघडायला लागला, नवऱ्याचं कपाळ दिसलं, डोळे दिसणार एवढ्यात अख्खा ब्राउझर फटकन मिटला. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. लोकांनी तोंडात बोटं घातली.

"आत्मा म्हणजे तरंग," बाबांनी सूर लावला. "वीज म्हणजे तरंग. इंटरनेट म्हणजेही तरंगच. पूर्वी आत्मे झाडावर राहायचे, आता सर्व्हरवर राहतात. तो आईला दर्शन देतो, बायकोला तोंड दाखवत नाही. समजा काय ते."

या तिन्हींतलं बाबांना नेमकं काय कळत होतं, कोण जाणे. आल्या आल्या त्यांनी वायफायचा पासवर्ड तेवढा मागून घेतला होता, तोही तरंगांसाठीच. त्यांचा निकाल मात्र ठरलेला होता. सून या घरात आहे तोवर आत्म्याला शांती नाही. उद्या सकाळी तिने घर सोडावं.

आईला ते पटलं होतं. ट्रकवाल्याला डुलकी लागली आणि मुलगा गेला, एवढंसं कारण तिच्या गळी उतरत नव्हतं. बाबांनी तिला घरातलंच कारण काढून दिलं. शिवाय रागावलेला का होईना, मुलगा इथेच आहे म्हणतात ना? तेवढ्यासाठी तिने सुनेशी बोलणं टाकलं होतं.

भेटायला म्हणून आलेली आईची भाची दाराशी उभी राहून हे सगळं पाहत होती. ती शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. तिने पाहिलं, की ब्राउझर उघडला की आधी दोन गोल चेहरे येतात, एक आईचा, एक सुनेचा.

"मावशी, हे काय आहे?"

"त्यानेच करून दिलंय. मी माझ्या चेहऱ्यावर टिचकी मारायची, हिने हिच्या. एकमेकींच्या कप्प्यात हात घालायचा नाही, अशी शिस्त होती त्याची."

"मग आज एकदा ती मोड. वहिनीच्या चेहऱ्यावर टिचकी मार."

"तरंग उलटतील," बाबा घाईने म्हणाले.

"उलटू देत. आम्ही सुलटे करून घेऊ."

गर्दीत खसखस पिकली. आईने सुनेच्या चेहऱ्यावर टिचकी मारली. अल्बम उघडू लागला. मुलाचं कपाळ दिसलं आणि ब्राउझर मिटला.

आईला वाटलं, माझ्यावर का रागावला? मी काय केलं त्याचं? ती रिकाम्या पडद्याकडे पाहत राहिली. मग तिला कळलं की आपण हे असं क्षणभर सोसलं, आणि ही पोर ते रोज सोसत होती, आज तर सगळ्यांसमोर.

"वहिनी, तू बस. मावशीच्या चेहऱ्यावर टिचकी मार."

सून बसली. अल्बम उघडला आणि उघडाच राहिला. तो गेल्यानंतर आज पहिल्यांदा तिला नवऱ्याचा पुरता चेहरा दिसला. ती रडली नाही, उठलीही नाही. पडद्यावर हात ठेवून बसून राहिली.

"आत्मा खेळकर आहे," बाबा पुटपुटले.

"मग तुमच्याशीही खेळेल. बसता?"

बाबांना एकदम कुठलंसं काम आठवलं आणि त्यांनी काढता पाय घेतला.

भाचीने सुनेच्या कप्प्यातली यादी तपासली. तिथे ब्राउझरला वरून जोडलेलं एक छोटं अवजार होतं, पानावरची अक्षरं मोठी करणारं. शिवणकाम करून बायकोचे डोळे दुखतात म्हणून नवऱ्याने ते बसवलं होतं. तो गेल्यावर ब्राउझर आपोआप नवा झाला, अवजार जुनंच राहिलं. दोघांचं जमेना, अल्बम उघडला की ब्राउझर कोसळायचा. भाचीने अवजार बंद केलं आणि सुनेच्याच चेहऱ्यावर टिचकी मारली. अल्बम नीट उघडला.

"म्हणजे ते त्याचंच होतं ना?" आईने विचारलं.

"त्याने बसवलेलं होतं, मावशी. तो नव्हता त्यात."

"कुठेच नाही?"

"नाही गं."

आई रडली. अपघाताची बातमी आली तेव्हाही ती अशी रडली नव्हती. लोक एकेक करून चपला शोधत बाहेर पडले. जाताना सुनेला कुणीही काही बोललं नाही, आणि याची आईला सगळ्यात जास्त लाज वाटली.

सकाळी सून बॅग घेऊन निघाली तेव्हा आईने तिचा हात धरला. "आता कशाला जातेस? कळलं ना सगळं?"

"कळलं, आई. पण पहिल्यांदा ते बंद पडलं तेव्हा तुम्ही वळून माझ्याकडे पाहिलं होतं. ती नजर काही माझ्या मनातून जात नाही. दादाकडे राहीन थोडे दिवस. येईन की नाही, आत्ता नाही सांगता येत."

तिने वाकून नमस्कार केला आणि ती गेली. आईने तिला अडवलं नाही.

पुढे पलीकडच्या गल्लीतल्या एका शिक्षिकेकडे तरंगबाबांची बैठक भरल्याचं कानावर आलं. तिची आई वारली होती आणि घरातला दिवा धाकट्या बहिणीने बटण दाबलं की क्षणभर पेटून विझायचा. मुलाची आई कुणी न बोलावता तिथे गेली. बाबांकडे तिने पाहिलंही नाही. ती शिक्षिकेला एवढंच म्हणाली, "बहिणीला काही बोलण्याआधी एकदा तिच्या जागी उभी राहून तू बटण दाब. मग दुसऱ्या कुणाला दाबायला लाव. वायरमनला बोलाव. माणूस गेलं की डोकं चालत नाही, मला माहीत आहे. तरी चालव. मी सुनेच्या जागी बसले, पण फार उशिरा बसले."