लाल पट्टी, निळी पट्टी

सात नंबर.

फॉइलचे चार रोल, तेही पुरतील की नाही शंका.

सासूबाईंचे खालचे दात महिन्याभरापूर्वी काढलेले.

गुरुवारी तीनची बोट. दोन जागा.

"तू जरा पड. आज भांडी माझ्याकडे."

यातलं शेवटचं वाक्य नवऱ्याचं. बुधवारी दुपारची जेवणं झाल्यावर, सगळ्यांच्या देखत, बाह्या सरसावून म्हटलेलं. दिराने टाळ्या वाजवल्या. "वहिनी, तारीख लिहून ठेवा!"

ती पडली. तिला चक्क झोप लागली.

भाड्याचं घर, तळ्याकाठी, एका आठवड्यापुरतं. स्वयंपाकघर एक, सिंक एक, ओव्हन एक, आणि त्यात आधीच्या भाडेकरूंनी काय काय भाजलं असेल देव जाणे. हे कुटुंब कोशर पाळणारं. मटण आणि दूध एका भांड्यात नाही, एका चमच्याने नाही, एका जेवणात नाही. म्हणून तिने घरून भांड्यांचे दोन संच आणले होते. दोन्ही सारखेच, स्टीलचे, एकात एक बसणारे, कारण गाडीच्या डिकीत दिराचं छत्री-खुर्च्यांचं गाठोडंही जायचं होतं. ओळखायला प्रत्येकाच्या दांड्याला चिकटपट्टी. लाल म्हणजे मटण, निळी म्हणजे दूध.

सुट्टी, आत्तापर्यंत:

रविवार. ओव्हन घासला. जाळ्यांना दुहेरी फॉइल.

सोमवार. आठ माणसं, तीन जेवणं. सगळे तळ्यावर. जाऊबाईही, कारण त्या सुट्टीवर आल्या होत्या.

मंगळवार. सोमवारसारखाच. शिवाय दुकानात पाऊण तास उभं राहून पावाच्या पाकिटांवरचं बारीक अक्षर वाचलं.

तळं. सिंकसमोरच्या खिडकीत, डावीकडच्या कोपऱ्यात, तळहाताएवढं.

बोटीची तिकिटं मुलीने काढली होती. पुढच्या महिन्यात ती दूर शिकायला जाणार, मग वर्षभर येणार नाही. तळ्याच्या मधोमध एक बेट होतं, तिथे बोट जायची आणि सहाला परत यायची.

"तिथे करायचं काय गं?" तिने विचारलं होतं.

"काहीच नाही. म्हणून तर."

झोपेतून उठून ती स्वयंपाकघरात आली. ओट्यावर अकरा भांडी चढत्या क्रमाने लावलेली, आरशासारखी. कचऱ्याच्या डब्यात एक ओला गोळा, लाल-निळा.

"पट्ट्यांच्या कडा सुटल्या होत्या," नवरा म्हणाला. "मेणचट झालेल्या. कढत पाणी भरलं सिंकमध्ये, सगळी एकदम भिजत टाकली आणि एकेक सोलून काढली. अर्धा तास मोडला." तो शाबासकीची वाट बघत उभा होता.

"अहो, यातलं कुठलं कुठलं?"

"म्हणजे?"

मग त्याचा चेहरा बदलला. तिने एक पातेलं उचलून नाकाशी धरलं. दुसरं धरलं. कशालाच वास नव्हता. इतकी छान घासली होती.

धर्मगुरूंना फोन केला. ते शांतपणे म्हणाले: ओळख पुसली, वर एकाच गरम पाण्यात सगळी भिजली, तेव्हा आता चोवीस तास काही वापरू नका. मग एकेक भांडं उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवा. सर्वांत मोठं पातेलं काठोकाठ भरून उतू जाऊ द्या. लाकडी चमचे फेका.

"बाकी सुट्टी छान ना?" त्यांनी विचारलं.

"छान," ती म्हणाली.

भांडी भिजली तेव्हा तीन वाजले होते. म्हणजे गुरुवारी तीन. तिने हिशेब दोनदा केला. दोन्ही वेळा तीनच आले.

बुधवारची रात्र आणि गुरुवारची दुपार पाव, काकडी आणि डब्यातल्या माशावर निघाली. सासूबाई गार पाण्यात पाव बुडवून चघळत राहिल्या. गुरुवारी एकच वाक्य बोलल्या: "आज घोटभर गरम मिळालं तर बरं गं. उद्या प्रवास आहे."

"तू बोट चुकवू नकोस," नवरा म्हणाला. "आल्यावर उकळ."

"सहाला येणार मी. मग उकळणार कधी, शिजवणार कधी? आईंची गोळी सातला, ती काय उपाशीपोटी द्यायची?"

"मग मी उकळतो." त्याने भांड्यांकडे पाहिलं. "फक्त... परत काहीतरी चुकायचं. तुला माहीत आहे ना माझं."

तिला माहीत होतं.

"दादा मदतीला आला की दोन माणसं जास्तीची लागतात," दीर म्हणाला. सगळे हसले. तीही हसली, सवयीने.

"मी करते," मुलगी म्हणाली. "आई, तू जा."

"मी एकटी बेटावर जाऊन काय करू? तूच जा, काकूला घे बरोबर."

"काकूबरोबर काहीच न करणं जमत नाही गं."

तीन वाजता पाण्याला उकळी फुटली. खिडकीतून भोंगा ऐकू आला, लांबट, एकदाच. दोघींपैकी कोणी वर पाहिलं नाही.

मुलीने चिमट्यात पातेलं धरलं, बुडवलं, बाहेर काढलं. मग चिमटा दुसऱ्या काठाला लावून पुन्हा बुडवलं, पकडलेली जागा कोरडी राहू नये म्हणून. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. नवी पट्टी तिने दातांनी तोडली. तेही नाही.

"तिकडे गेलीस की कागदी ताटल्या वापर," ती म्हणाली. "ऐकतेस ना?"

"मी दोन संच बघून ठेवलेत," मुलगी म्हणाली. "वेगवेगळ्या आकारांचे. म्हणजे गोंधळ नको."

तिला मुलीच्या हातातला चिमटा काढून घ्यावासा वाटला. अजून सात भांडी राहिली होती, आणि दोघींनी केली तर साडेचारला होणार होती. तिने चिमटा काढून घेतला नाही.

साडेसहाला सासूबाईंनी दोन वाट्या गरम सूप घेतलं. "जिवात जीव आला," म्हणाल्या.

नवरा उठला, ताटं गोळा करायला वाकला, थबकला.

"मी घेऊ का भांडी?"

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मुलगी तोवर उठली होती, ओट्यावर वाळलेली भांडी लाल पट्टीची एकीकडे, निळी दुसरीकडे करत होती.

"राहू द्या," ती म्हणाली.

सुट्टीला निघण्याच्या तीन आठवडे आधी तिने पाण्यात घालून चालता येतील अशा चपला घेतल्या होत्या, सात नंबरच्या.