डिकीतला ठेका

"ताई, अचानक बंद पडला हो," म्हणत सुखदेवने गाडीतला अॅम्प्लिफायर माझ्या टेबलावर ठेवला. अचानक! खडकीत इतकी वर्षं दुरुस्तीचं दुकान चालवतेय, अचानक बंद पडलेलं काही मी अजून पाहिलेलं नाही. माणसं आधी काहीतरी उद्योग करून ठेवतात, मग ते अचानक होतं.

झाकण उचललं तर आतून मुंग्यांची रांग निघाली.

"अहो, हा अॅम्प्लिफायर आहे की साखरेचा डबा?"

सुखदेव खाली बघायला लागला. "दसऱ्याला गाडीची पूजा केली. नारळाचं पाणी चाकांवर शिंपडलं. म्हटलं, डिकीतल्या ह्यालाही थोडं द्यावं. घरात सगळ्यात उपयोगाचा हाच."

चांगली झापणार होते, पण शेजारी त्याची मुलगी पूर्वा उभी होती. पोरीला जन्मापासून ऐकू येत नाही. वूफर, म्हणजे धम्म वाजणारा मोठा स्पीकर, लाकडी फळीवर ठेवला की ठेका तिच्या तळपायांना लागतो, आणि मग काय नाचते! उद्या कोजागिरीला सोसायटीच्या स्टेजवर ती पहिल्यांदा नाचणार होती. नवा अॅम्प्लिफायर मागवला तर आठवडा लागणार.

"होईल का, ताई?"

"न व्हायला काय झालं? बसा तिकडे. आणि देवाला सांगा, पुढच्या वर्षी नुसतं फूल वाहीन."

जुन्या टूथब्रशने आणि स्पिरिटने सगळा चिकटा घासून काढला. बोर्डावरची एक तांब्याची रेघ गंजून तुटली होती, तिथे तार जोडली. तरी बिघाडाचा लाल दिवा जाईना. मीटर लावून एकेक भाग तपासत गेले तेव्हा जळालेला ट्रान्झिस्टर सापडला. भंगारातल्या सेटमधला काढून बसवला. दिवा हिरवा झाला, गाणं लागलं.

"वाजला!" सुखदेवने टाळी वाजवली.

मी दुकानासमोर जुन्या दाराची फळी टाकली, तिच्यावर गाडीतला वूफर आणून ठेवला. पूर्वा अनवाणी उभी राहिली, थोडा वेळ थांबली आणि तिने मान हलवली. नाही. नुसता वरचा चिरका आवाज होता, खालचा धम्म गायब.

"चालेल, ताई. एवढं पुरे."

"कुणाला पुरे? नाचणार तुम्ही आहात का?" मी पुन्हा स्क्रू काढले. डोकं भणभणत होतं, पण आता हा डबा मला हरवणार म्हणजे काय! शेवटी चोर सापडला. बासच्या बटणाचे पाय गंजून हिरवे पडले होते. बटणच बदललं.

धम्म! फळी हादरली. पूर्वाचे डोळे मोठे झाले आणि ती नाचायलाच लागली.

तेवढ्यात वरच्या खिडकीतून शालनकाकू कडाडल्या, "बहिरे झालात का गं सगळे?"

सुखदेवचा चेहरा उतरला. आवाज कमी करायला त्याचा हात पुढे गेला. मी मनगट धरलं. "हात लावायचा नाही."

काकू तावातावाने जिना उतरून आल्या. पाठमोऱ्या पूर्वावर ओरडल्या, "ए पोरी, बंद कर ते!" पूर्वा वळली नाही. "ऐकू येत नाही का?"

"नाही येत, काकू," मी म्हणाले.

काकू तिच्या पायांकडे बघत राहिल्या. मग चपला काढल्या, साडी जरा वर धरली आणि फळीच्या कडेवर उभ्या राहिल्या.

"वाढव गं जरा," म्हणाल्या.