जयवंताबाईंचा पट्टा

नागपूरजवळच्या कुहीतल्या एका घरात रोज सकाळी देवांसोबत चौकटीत लावलेल्या एका कागदाचीही पूजा होई. जयवंताबाई आंघोळ करून आल्या की त्याच्या काचेवर कुंकवाचं बोट टेकवत. मिरचीचे देठ खुडून बोटांची अशी आग होते की जेवताना घास धरवत नाही. वीस वर्षं ते सोसून या बाईनं शिलाई मशीनचं जुनं पायडल जोडून देठ खुडणारं यंत्र स्वतःच्या अकलेनं उभं केलं होतं. मग फी घेऊन सरकारी अर्ज करून देणाऱ्या नागपूरच्या एका कंपनीचा उन्मेष नावाचा गोडबोल्या साहेब घरी आला. "ताई, सरकारनं यंत्राचा पट्टा, म्हणजे पेटंट, तुमच्या नावानं दिला," असं म्हणून कागद ठेवून गेला. पट्टा म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागतं? जमिनीचा पट्टा झाला की जमीन आपली. तसंच यंत्रही आपलं झालं, असं जयवंताबाईंना वाटलं.

शनिवारी त्यांची लेक वैभवी कॉलेजातून घरी आली. तिनं कागदावरचा क्रमांक मोबाइलवर तपासला आणि तिचा चेहराच उतरला.

"माय, हा पट्टा नाही वं. अर्ज केल्याची पावती आहे नुसती. बाकीचे कागद वर्षाच्या आत द्या लागते, ते कंपनीवाल्यायनं देल्लेच नाही. सोमवारी वर्ष भरून राहिलं."

"मंग?"

"मंग अर्ज बाद. त्यायनं यंत्र साऱ्या मेळाव्यात दाखवलं; लोकायनं पाह्यलेलं यंत्र सरकार नवं धरत नाही, म्हणून आता नवा अर्जबी चालत नाही."

जयवंताबाईंनी उन्मेषला फोन लावला. उन्मेष जराही गडबडला नाही.

"उद्या नागपुरात आमचा मेळावा आहे, ताई. स्टेजवर येऊन 'मला पट्टा मिळाला' एवढंच बोला, सोमवारी कागद भरतो. आणि हो, कंपनीची बदनामी केलीत तर करारानुसार घरावर जप्ती येईल."

उन्मेषनं सही करून घेतलेला करार इंग्रजीत होता, खालची जयवंताबाईंची सही तेवढी मराठीत होती.

"बोलून टाक वं," नवरा रुपराव म्हणाले. "चार शब्द त आहेत. घर गेलं त कुठी जाशीन?"

इकडे आड, तिकडे विहीर. जयवंताबाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

रविवारी सभागृह गच्च भरलं होतं. ज्याच्या-त्याच्या मांडीवर पोत्यात, फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. शेजारी खापा गावचे धोंडबा बसले होते, हातमागावर आडवं सूत नेणारा धोटा सुधारून घेऊन आलेले.

"बाई, खरंच भेटते का वं पट्टा? मी आजच सही करून राहिलो."

तेवढ्यात जयवंताबाईंचं नाव पुकारलं गेलं. पायऱ्या चढून त्या माइकपाशी गेल्या. समोर पहिल्या रांगेत उन्मेष हसत बसला होता.

"मी जयवंता, कुहीची. मले..." त्यांनी धोंडबांकडे पाहिलं. "मले पट्टा नाही भेटला. पावती भेटली. तेबी उद्या मरते."

माइक बंद झाला. मग त्या ओरडल्याच. "लय भेव लागून राहिलं मले! पण सही नका करू गा!"

धोंडबा आपला धोटा उचलून दाराकडे निघाले. त्यांच्यामागून आणखी सात-आठ जण उठले. बाकीचे बसून राहिले.

सोमवारी अर्ज बाद झाला. बुधवारी कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. दाराची कडी वाजली की जयवंताबाई अजून दचकतात. त्याच सभागृहात येत्या रविवारी नव्या नावाच्या पाटीखाली त्याच कंपनीचा मेळावा आहे. त्या जाणार आहेत, दाराशी उभ्या राहून येणाऱ्या प्रत्येकाला सही करू नका म्हणून सांगणार आहेत. वाचकहो, भ्यालेली बाई एकटी किती वेळ उभी राहील?