काकू आणि महाराणी

भूगर्भशास्त्राच्या वर्गात तिची पहिल्याच दिवशी काकू झाली. बाकी सगळे विशी-बाविशीचे आणि ही चाळिशी ओलांडलेली, पदरात दोन मुलं. लग्नाआधी पदवी झाली होती, पुढचं शिक्षण राहून गेलं ते गेलंच. बरीच वर्षं एका शाळेच्या ऑफिसात दाखले लिहून झाल्यावर एक दिवस तिनं राजीनामा दिला आणि विद्यापीठात नाव घातलं. सासूबाई म्हणाल्या, "दगडच शिकायचे होते तर घरी काय कमी आहेत?" आणि स्वतःच्या मुलाकडे बघून खुदकन हसल्या. तो वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाला, "शिकू दे की." हीच त्याची परवानगी.

त्याच वर्गात एक महाराणी होती. पहिल्या बाकावर, डावा खांदा भिंतीला टेकवून बसायची. हाक मारली तर कधी ओ द्यायची, कधी खुशाल पुढे निघून जायची. दोन-चार जणांचा असा पाणउतारा झाल्यावर तिला हे नाव पडलं आणि तिच्या वाटेला जाणं सगळ्यांनीच सोडून दिलं.

प्रयोगशाळेत जोड्या ठरल्या तेव्हा सगळ्यांना आपापली माणसं मिळाली आणि उरल्या या दोघी.

काम वेळखाऊ होतं. दगडाची पातळ चकती काचपट्टीवर चिकटवायची आणि पाणी नि खरखरीत पूड टाकून एका जाड काचेवर घासत राहायची. दगडातून आरपार उजेड दिसला की थांबायचं. जरा जास्त घासलं की दगड गायब, हातात नुसती काच. दुपारच्या दुपार दोघी शेजारी उभ्या राहून घासायच्या. काकूला गप्प राहणं जमत नसे. ती मुलांचं सांगायची, शाळेतल्या हेडमास्तरांच्या नकला करायची. महाराणी ढिम्म. "मी काय भिंतीशी बोलतेय का?" असंही काकू एकदा म्हणाली. त्यालाही उत्तर नाही.

मग एकदा काकूच्या बाजूचा नळ बिघडला, म्हणून ती महाराणीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली. त्या दुपारी महाराणी प्रत्येक गोष्टीला उत्तर देत होती. हेडमास्तरांच्या नकलेला तर इतकी हसली की तिच्या हातून चकती निसटली. काकू घरी जाताना खूश. पण नळ दुरुस्त झाला, काकू जुन्या जागी आली आणि पुन्हा तीच भिंत.

काकूनं दोन मुलं वाढवली होती. न ऐकणं आणि ऐकू न येणं यातला फरक तिला कळत होता. घासता घासता ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "अगं, तुझ्या खांद्यावर पाल आहे."

महाराणी शांतपणे घासत राहिली.

दुसऱ्या दिवशी काकूनं आपलं सगळं सामान महाराणीच्या उजव्या बाजूला हलवलं. का, ते सांगितलं नाही. काही दिवसांनी महाराणीच म्हणाली, "तुम्हाला कळलंय ना?"

"काय?"

"कळून न कळल्यासारखं करू नका."

मग तिनं सांगितलं. लहानपणी आजारपणात डावा कान गेला होता. "पण लोकांना कळलं की ते माझ्याशी ओरडून बोलतात. आणि सावकाश. जसं काही कान नाही, डोकंच गेलंय. त्यापेक्षा शिष्ट म्हणोत. कुणाला सांगू नका."

"माझ्या पोटात राहील," काकू म्हणाली.

त्यानंतर दोघी डबा बरोबर खायला लागल्या. महाराणी काकूला कॉम्प्युटरवर नकाशे काढायला शिकवायची. काकू तिला घरमालकिणीशी कसं बोलायचं ते शिकवायची. तरी अजून सगळं विद्यापीठाच्या फाटकाच्या आतलंच होतं. फाटकाबाहेर पडलं की तू तिकडे, मी इकडे.

मग सहल गेली एका दगडाच्या खाणीत. खडी फोडायच्या यंत्राचा आवाज असा की शेजारचं बोलणंही ऐकू येऊ नये. महाराणी एका कड्यापाशी उकिडवी बसून हातोडीनं नमुना काढत होती. तिच्या डावीकडून एक डंपर मागे मागे येऊ लागला. भोंगा वाजत होता, मुलं ओरडत होती. महाराणीनं मान वळवली, पण भलत्याच दिशेला. काकू धावली, तिच्या पाठीवरची सॅक धरून तिला खेचलं आणि दोघी खडीत आडव्या झाल्या. ड्रायव्हरनं ब्रेक मारला तेव्हा चाक हातोडीवर येऊन थांबलं होतं.

बरोबर आलेले सर पांढरेफटक पडले होते. भीती रागावाटे बाहेर आली. "कान आहेत की नाहीत तुला?"

"नाहीये, सर!" काकू ओरडली. "डावा कान नाहीये तिला!"

नेमकं त्याच वेळी कुणीतरी यंत्र बंद केलं होतं. ते वाक्य सगळ्या खाणीनं ऐकलं.

परतताना महाराणी बसमध्ये सगळ्यात मागे जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी एक मुलगी तिच्याशी बोलायला आली. ओरडून आणि सावकाश. सरांनी महाराणीला बोलावून सांगितलं की यापुढे बाहेरचं काम नको, प्रयोगशाळेतलाच एखादा विषय घे. बाहेर येऊन ती काकूला एवढंच म्हणाली, "झालं समाधान?"

काकूला घास गोड लागेना. सासूबाईंनी खोदून खोदून विचारलं तेव्हा तिनं सगळं सांगितलं. "आई, जीव वाचला तिचा. माझं काय चुकलं?"

"जीव वाचवलास, ते बरोबरच. पण गोष्ट तिची होती, ती तू वाटून टाकलीस. माफी माग. आणि मागताना 'पण' म्हणू नकोस."

काकू महाराणीसमोर जाऊन उभी राहिली. "चुकलं माझं."

"पुढे 'पण' असेलच."

"आहे. गिळतेय."

महाराणीच्या ओठांचा कोपरा जरा हलला. मग ती म्हणाली, "तुम्ही नसता तर मी आज नसते. ते मला कळतं हो. तरी राग जात नाही."

"नको जाऊ देऊस. राग घेऊनच ये, घासायचं पडलंय."

दोन दिवस त्या घासत राहिल्या. तिसऱ्या दिवशी महाराणीनं हात पुसले. "मी सरांकडे चाललेय. या माझ्याबरोबर. पण तोंड उघडायचं नाही."

सरांच्या खोलीत ती सरळ बोलली. "सर, मला डाव्या कानानं ऐकू येत नाही, हे मी आधीच सांगायला हवं होतं. पण दगड मी डोळ्यांनी बघते. यंत्र बंद असेल तेव्हा जाईन, एकटी जाणार नाही. जोडीदार बरोबर असेल."

"कोण जोडीदार?"

महाराणीनं काकूकडे बघितलं. हे काकूलाही नवीनच होतं. तिनं ओठ घट्ट मिटून जोरजोरात होकारार्थी मान हलवली.

"यांना काय झालं?" सरांनी विचारलं.

"काही नाही, सर. त्या विचार करताहेत."

सरांनी खाणीला नाहीच म्हटलं. त्यावर ते काही केल्या हलले नाहीत. नदीच्या पात्रातले खडक चालतील, म्हणाले. महाराणीला खाणीचाच दगड हवा होता. बाहेर येऊन तिनं दाराला हलकी लाथ मारली. मग दोघी नकाशा घेऊन नदी शोधायला बसल्या.

हिवाळाभर त्या पात्रात फिरल्या. वाहत्या पाण्याच्या आवाजात महाराणीला उजव्या कानानंही नीट ऐकू येत नसे, म्हणून त्यांनी हातवारे ठरवले. भूक लागली, साप दिसला, इथे चांगला दगड आहे, आता पुरे झालं. काकूचा पाय एकदा मुरगळला तेव्हा महाराणीनं तिला घरापर्यंत पोचवलं आणि सासूबाईंनी तिला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

एका सुट्टीच्या सकाळी काकूचा फोन वाजला. महाराणी होती.

"काय गं, काही काम होतं का?"

"नाही. असंच. कंटाळा आलाय. तू काय करतेयस?"

ते 'तू' काकूच्या कानाला जाणवलं. पण तिनं ते दाखवलं नाही. दाखवलं असतं तर पोर लाजून पुन्हा 'तुम्ही'वर गेली असती.

"भाजी निवडतेय."

"मग निवड. मी बोलते."

काकूनं फोन ताटाशेजारी टेकवून ठेवला. महाराणी घरमालकिणीच्या मांजराचं काहीतरी लांबलचक सांगू लागली. जुडी संपली, गोष्ट संपली नव्हती. काकूनं उद्याची जुडी पुढे ओढली.